फोनिओ, मका आणि कांडणारे हात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फोनिओसारख्या आफ्रिकेतल्या जुन्या धान्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नाचणीची बिस्किटं खाणाऱ्या शहरी माणसानं आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला जुनी पिकं पेरायला सांगणं हे भरल्या पोटीचं कौतुक आहे, मका जास्त पिकतो म्हणून त्यांनी तो धरला, आणि तुमच्या गावातली वरी-नाचणीही अशीच गेली, असं तुमचं म्हणणं. रागानं लिहिलंय, पण त्यातलं अर्धंअधिक मला पटतं.

मक्याच्या बाजूनं आणखी एक मुद्दा मीच देतो. मक्याचं कणीस पानांत गुंडाळलेलं असतं, ज्वारी-बाजरीचं उघडं. आफ्रिकेत क्वेलिया नावाची चिमणीएवढी पाखरं लाखांच्या थव्यांनी उतरतात. दाणा भरला की कुणीतरी दिवसभर शेत राखायचं, आणि हे काम बहुतेक पोरांच्या गळ्यात पडतं. पोरं शाळेत गेली तर पाखरं कोण हाकलणार? अशा घरानं मका लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण ‘त्यांनी धरला’ म्हणताना धरायला लावणारे हात विसरू नका. मका तिकडे पोहोचला सोळाव्या शतकात, अमेरिकेतून. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात खाणमजुरांच्या शिध्यात मक्याचं पीठ असे. १९६० साली तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, एसआर-५२ हे संकरित वाण आलं. पुढे बियाणं, खत, सरकारी खरेदी, सगळं मक्याभोवतीच उभं राहिलं. इतकी वर्षं एकाच पोराला दूध पाजायचं आणि मग बाकीची किडकिडीत का म्हणून विचारायचं! २०२४ च्या दुष्काळात झांबियात मक्याच्या सुमारे २२ लाख हेक्टरांपैकी १० लाख हेक्टर हातचं गेलं. मका सोडा असं मी मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. सगळी भिस्त त्याच्यावर नको, एवढंच.

आता फोनिओ. पश्चिम आफ्रिकेतलं हे धान्य हलक्या जमिनीत येतं, आणि लवकर येणारं वाण दोन महिन्यांत पदरात पडतं, म्हणजे जुनं धान्य संपून नवं यायच्या आधीच्या उपाशी दिवसांत. उत्पादन मात्र हेक्टरी टनाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. तुमचा आक्षेप इथे बसतो. तरी माझ्या मते फोनिओ मागे पडायला उत्पादनापेक्षा उखळ जास्त जबाबदार आहे. दाणा मोहरीहूनही बारीक, त्यावर चिकटून बसलेलं तूस. बायका तो उखळात वाळू मिसळून कांडत, आणि मग ती वाळू काढायला पुन्हा पुन्हा धूत. आमच्या आजीला वरी कांडताना मी पाहिलंय. सणाला एकदा ठीक, रोज नाही. सेनेगलचे अभियंते सानुसी दियाकिते यांनी फोनिओचं तूस काढायचं यंत्र बनवलं, १९९६ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्या यंत्रानं जे साधतं ते पोषणाची भित्तिपत्रकं लावून साधणार नाही. ज्या पिकाचं दळण-कांडण बाईच्या अंगावर पडतं, ते सरकारनं कितीही गौरवलं तरी घरात टिकत नाही.

म्हणून केनियातल्या पालेभाज्यांचं मला जास्त कौतुक वाटतं. मनागू, सागा, तेरेरे या भाज्या एकेकाळी तणात मोजत. प्राध्यापिका मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांनी त्यांच्या बियाण्यावर आणि लागवडीवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि आज त्या नैरोबीच्या सुपरमार्केटात विकल्या जातात. तिथे कांडण नाही, हा फरक लक्षात घ्या.

श्रीमंतांना चटक लागली की गरिबाच्या ताटातून पदार्थ जातो, ही तुमची भीतीही खरी. याच भीतीनं इथिओपियानं २००६ साली टेफ या तिथल्या रोजच्या जेवणातल्या धान्याच्या निर्यातीवर बंदी घातली. भाव आवाक्यात राहावा हा हेतू, पण त्यात पिकवणाऱ्यालाही चार पैसे कमीच मिळणार. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

चूक दाखवलीत त्याबद्दल आभार. फोनिओ ‘आफ्रिकाभर’ खातात असं मी लिहून बसलो होतो. तिथे आता ‘पश्चिम आफ्रिकेत’ असं केलंय. आणि एक विचारायचं राहिलं: तुमच्या गावातली वरी गेली तेव्हा ती कांडून देणारी गिरणी जवळपास कुठे होती का?