जो लुईस यांच्या उत्तरायुष्याविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटातील अमेरिकन मुष्टियोद्धे आणि विश्वविजेते जो लुईस यांच्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, "दुबळे प्रतिस्पर्धी निवडून विक्रम करणाऱ्या आणि शेवटी कॅसिनोच्या दारात हस्तांदोलने करत उभ्या राहिलेल्या माणसाचा कसला आलाय वारसा? लेखकाने भक्तिभाव सोडून थोडे वाचन करावे." मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु वाचनाचा सल्ला देणाऱ्याने निदान समोरचा लेख तरी शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा मी करतो.

१९४०-४१ मधील काही प्रतिस्पर्धी सुमार होते, हे मान्य. पण गुणांवर आघाडीवर असलेला बिली कॉनही त्याच काळातला, आणि लुईस यांनी त्याला बाद केले तेव्हा तेराव्या फेरीचे दोनच सेकंद उरले होते.

मला झोंबली ती 'कॅसिनोच्या दारात' या शब्दांतली तुच्छता. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांच्या स्वागताची नोकरी त्यांनी केली, हे खरे. ती का करावी लागली, याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही. जानेवारी १९४२ मध्ये बडी बेअरला पहिल्याच फेरीत बाद करून मिळालेले मानधन त्यांनी नौदलाच्या मदतनिधीला दिले, आणि तेही अशा नौदलाच्या, जिथे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला तेव्हा भटारखान्यातली आणि वाढप्याची कामेच येत. लगेच ते साधे सैनिक म्हणून लष्करात भरती झाले आणि मार्चमधील एब सायमनविरुद्धच्या लढतीचे मानधनही त्यांनी लष्कराच्या निधीला देऊन टाकले. युद्धानंतर करखात्याने थकबाकी काढली, दान केलेल्या रकमाही उत्पन्नात धरल्या, आणि व्याज चढतच गेले. म्हणून वयाच्या ३७व्या वर्षी, २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, ते रॉकी मार्सियानोसमोर उभे राहिले आणि आठव्या फेरीत दोरांमधून रिंगणाबाहेर फेकले गेले. पुढे कुस्तीच्या आखाड्यातही उतरले ते याच देण्यापायी.

मी स्वतः तरुणपणी रिंगणात उतरलो आहे. माझे पहिले प्रशिक्षक संसारासाठी उतरत्या वयातही लढत राहिले आणि पुढे पुढे त्यांना सदऱ्याची गुंडीसुद्धा स्वतःची स्वतः लावता येत नसे. देणे फेडण्यासाठी ठोसे खाणे काय असते, हे मी पाहिले आहे. खुर्चीत बसून निवाडा देणाऱ्याने ते मला शिकवू नये.

वारसाच हवा असेल, तर सलग २५ वेळा राखलेले विश्वविजेतेपद आजही हेवीवेटमध्ये अबाधित आहे. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी लुईस यांना हरवले असते की नाही, या आपल्या उरलेल्या प्रश्नात मला स्वारस्य नाही.