घर घ्या की, पण खातं पुसून काढून नको

आपल्याकडं घर घ्यायचं ठरलं की एक धावपळ सुरू होते बघा. एफडी मोडा, पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची बचत) बंद करा, भिशी उचला, पीएफ काढा, बायकोच्या पाटल्या क्रेडिट सोसायटीत गहाण ठेवा, आणि हे सगळं कशासाठी तर "लोन कमीत कमी पाहिजे" म्हणून. लोन कमी झालं की घरातले मोठे खूश. पण वास्तुशांती झाल्यावर खात्यात चार-पाच हजार शिल्लक, आणि पुढचा हप्ता पाच तारखेला. मला हे अजिबात पटत नाही. लोन तीन लाखानं जास्त झालं तरी चालेल पण ते तीन लाख हातात पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यावरून आमच्या मामांचं आणि माझं दर गणपतीला वाजतंय.

मी बेळगावात टिळकवाडीला एका सीएंच्या ऑफिसात काम करते त्यामुळं असे हिशेब रोज डोळ्याखालून जातात. लोकांचा पहिला घोळ होतो तो डाऊन पेमेंट म्हणजे काय इथंच. अनगोळला किंवा वडगावला ४० लाखाचं जुनं बैठं घर घेताय असं धरा. लोन ३० लाखाच्या वर गेलं की बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ३२ लाख, तुमचे ८ लाख. लोक ८ लाख जमवतात आणि निवांत होतात. अहो पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन ह्या ४० लाखाच्या बाहेर, त्यावर लोन मिळत नाही. कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासून १ वरून २ टक्के केलीय. सगळं मिळून शहरात ७.६ टक्के, म्हणजे ३ लाख ४ हजार. गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली किंमत, तुमच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर ड्युटी त्याच्यावर बसते. शिवाय वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, एजंटचं कमिशन वेगळंच. ८ चे साडेअकरा-बारा कधी होतात कळत पण नाही.

आणि आपले लोक यूट्यूबवर बघतात कुणाचे व्हिडिओ, तर पुण्या-मुंबईचे. मराठीत आहे म्हणून आपल्याला लागू, असं नसतंय ना. तिकडं रजिस्ट्रेशन फी ३० हजाराच्या वर जात नाही, आपल्याकडं अशी मर्यादाच नाही, ४० लाखाला सरळ ८० हजार. तिकडं बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, इथं नाही. आमच्याकडं एकजण त्या सुटीचे ४० हजार हिशेबात धरूनच आला होता, कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सांगितलं म्हणे. बायकोच्या नावावर घ्या, चांगलंच आहे, पण सूट मिळेल म्हणून नको. (आणि खरेदीपत्र सहसा कन्नडमध्ये असतं, सही करायच्या आधी वाचता येणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, एजंट सोडून.)

दुसरं, संचकार, म्हणजे विसार, द्यायच्या आधी ई-खाता, म्हणजे मालमत्तेची ऑनलाइन नोंद, आहे काय बघा. शहरात ई-आस्ती, पंचायत हद्दीत ई-स्वत्तू, हे नसेल तर रजिस्ट्रेशन पुढं सरकत नाही. एनए (बिनशेती) नसलेली स्वस्त साइट, म्हणजे प्लॉट, रजिस्ट्रेशन न करता नुसत्या बाँड पेपरवर घेणारे अजून आहेत, तिथं बँक लोन देत नाही म्हणून सगळी रक्कम रोख घरातूनच जाते. वीस वर्षांची बचत एका अशा कागदात की जो कुठं गहाण पण ठेवता येत नाही. ह्याच्यावर जास्त लिहित नाही, रागच येतो.

आता पहिलं वर्ष. मला वाटतं खरा खर्च इथं आहे आणि हा कुणाच्या वहीत नसतो. आमच्या नात्यातल्या एकांनी हिंडलग्याकडं उन्हाळ्यात घर घेतलं, मे महिन्यात वास्तुशांती, सगळं छान. जूनच्या शेवटी आपला बेळगावी पाऊस सुरू झाला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओल उतरली, आधी हाताएवढी, मग कपाटाच्या मागं अख्खी भिंत, आतल्या साड्यांना बुरशीचा वास. आता टेरेसवर पत्रा घालायचा, कारण आपल्याकडं पत्र्याशिवाय स्लॅब टिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) मीटर नावावर करायचा, मोटर बदलायची, दाराला ग्रिल. त्याच सुमाराला ते उद्यमबागला ज्या कारखान्यात आहेत तिथं ऑर्डर कमी झाल्या आणि ओव्हरटाइम बंद. हातात काही नाही, म्हणून बाहेरून ३ लाख उचलले, शेकडा दोन टक्के महिना.

हे गणित बघा जरा. महिन्याला ६ हजार, नुसतं व्याज, मुद्दल तिथंच. हेच ३ लाख सुरुवातीला होम लोनमध्येच वाढवून घेतले असते आणि स्वतःचे ३ लाख खात्यात ठेवले असते तर साडेआठ टक्क्यानं २० वर्षांसाठी हप्ता वाढला असता २६०० रुपये, तोही मुद्दलासकट. त्यांना ८० टक्क्यापर्यंत लोन मिळत होतं, त्यांनीच कमी घेतलं, कर्ज नको म्हणून!

मामा म्हणतात २० वर्षांत व्याज किती जातंय बघ. खरं आहे, बरंच जातं. पण फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, रेटचं होम लोन स्वतःच्या नावावर असेल तर मधेच पैसे भरायला बँक दंड लावत नाही. पहिलं वर्ष नीट गेलं, पत्रा पडला, नोकरी टिकली, मग भरा की त्यातले दोन लाख. बँकेत भरलेले पैसे मात्र पावसात परत मागता येत नाहीत. आणि लोन घेतलं की टॅक्स वाचतो हे पण आता सरसकट नाही, नवीन टॅक्स रेजिममध्ये राहत्या घराच्या व्याजाची सूट मिळत नाही.

हातातले पैसे कुठं ठेवायचे हा प्रश्न येतोच. निदान सहा हप्ते आणि सहा महिन्यांचा घरखर्च, बँकेत, छोट्या छोट्या एफडी करून, म्हणजे एक मोडली तर बाकीच्या राहतात. सोसायटीत एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं तिथं नको. बँकेत, सहकारी बँकेत पण, ५ लाखापर्यंत ठेवीला विमा आहे, क्रेडिट सोसायटीला तो नाही. ओळखीतल्या एका बाईंची खरेदीची तारीख ठरली होती आणि सोसायटीवाले म्हणाले पुढच्या महिन्यात या, मग पुढच्या. संचकार गेला तो गेला. पिग्मी मात्र चालू ठेवा, रोजचे शंभर-दोनशे जातात ते जाऊ देत, मोडली की व्याज कापतात आणि परत सुरू करायचं राहूनच जातं.

सोन्याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. सासूबाई म्हणतात सोनं अडचणीसाठीच असतं, मग घरासाठी का मोडायचं, आणि ह्यांना वाटतं लॉकरमध्ये पडून काय करायचंय. मी सासूबाईंच्या बाजूनं आहे.

आणि वास्तुशांतीला चारशे पानं कशाला ओ? आमच्या वहिनींनी त्यांच्या नव्या घरासाठी केटररला अॅडव्हान्स देऊन झालाय, पत्र्याचं कोटेशन अजून घेतलं नाही.