नंबर आला का?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

संध्याकाळी एक नातेवाईक घरी आले होते. माझी भाची शिकायला आमच्याकडे असते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तिने चहा दिला, समोर बसली. "काय गं, नाटकात होतीस म्हणे. नंबर आला का?" "नाही काका, फायनलला नाही गेलो." "मग काय उपयोग? एवढ्या रात्री-अपरात्री फिरलात, सगळं फुकट!" एवढं बोलून ते फ्लॅटच्या भावावर गेले. पोरगी गप्प. पाहुणे म्हणून मीही गप्प बसले. इथे नाही बसणार.

फुकट? काय फुकट गेलं?

ही मुलगी गेल्या वर्षी आली तेव्हा रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही माझ्याकडे बघायची. "मावशी, तूच सांग ना." कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये गेली तीसुद्धा प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायला. सामानाची यादी करायची, विंगेत उभं राहायचं, बस्स. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, तिच्यासाठी एकांकिका बसत होती. एका मुलीने मध्येच सोडलं आणि दिग्दर्शक पोराने हिला उभं केलं. टँकरच्या रांगेतल्या बाईची भूमिका, वाक्यं मोजकीच. बाकी वेळ फक्त पाण्याने भरलेली बादली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं.

स्टेजवर खरं पाणी नको, शेजारी लाइटच्या वायरी असतात. म्हणजे बादली रिकामी, आणि ती भरलेली दिसली पाहिजे. हिला ते जमेचना. हात उचलला की बादली हलकी आहे हे शेवटच्या रांगेतल्यालाही कळायचं. एकदा त्यांच्या तालमीला डबा द्यायला गेले होते, तेव्हा मी स्वतः बघितलं. तो पोरगा ओरडला नाही. "खरी भरून आण," एवढंच म्हणाला. तिने नळावर काठोकाठ भरली आणि चालली. मग अर्धी ओतली, परत चालली. मग रिकामी. "आता सांग, भरलेली असताना दुसरा हात कुठे होता?" ती थांबली, विचार केला. म्हणाली, "बाहेर. तोल सांभाळायला. आणि मान उलट्या बाजूला." रात्री आमच्या पॅसेजमध्ये तेच चाललं होतं. खालच्या काकूंनी विचारलंसुद्धा, की वर पाणी गेलंय का!

आपण स्वतःकडे असं कधी बघतो? आपला खांदा कुठे जातो, श्वास कुठे अडकतो, समोरचा बोलत असताना आपण ऐकतोय की नुसती आपल्या वाक्याची वाट बघतोय? तालमीत हे रोज बघावं लागतं, तेही चारचौघांसमोर. आणि चुकलं की "परत". ज्यांनी केलंय त्यांना हा "परत" माहीत आहे.

आता नंबराचं. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात त्या दिवसांत पोरांच्या "आव्वाज कुणाचा"च्या घोषणा सुरू झाल्या की आजही अंगावर काटा येतो. इतक्या वर्षांत कितीतरी पोरं त्या स्टेजवर उभी राहिली, पण करंडक मिळतो तो मोजक्याच कॉलेजांना. २०२२ मध्ये तर परीक्षकांनी महाअंतिम फेरीत एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही म्हणून तो कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला तो झाला. पण मग त्या वर्षी राबलेल्या सगळ्या पोरांच्या तालमी फुकट गेल्या म्हणायचं? सांगा ना काका!

हो, अभ्यास बुडाला. एक विषय राहिलाय, तो द्यावा लागणार. मान्य.

आणि सगळेच बदलतात असंही नाही, काही नुसते मिरवायला येतात. तेही मान्य. तरीही.

प्रयोगाच्या दिवशी समोरच्या मुलाने वाक्यं खाल्ली. थोडीथोडकी नाही, दीड-दोन पानं उडाली. तो सरळ शेवटच्या भांडणावर गेला आणि तिथेच ब्लँक झाला. मी मधल्या रांगेत होते, माझे हातपाय गार पडले. हिची एन्ट्री खरं तर नंतर होती. ही आली. बादली घेऊन, तोल सांभाळत, सावकाश. त्याच्यासमोर ती खाली ठेवली, अशी की आतलं पाणी हिंदकळलं असं मला वाटलं. मग पदराने हात पुसून म्हणाली, "तुझा नंबर सकाळी होता ना रे? मग आत्ता कशाला आलास?" हे वाक्य संहितेत नाही! पण त्याचं उत्तर संहितेत होतं, गळालेल्या पानावर. त्याने ते पकडलं आणि गाडी रुळावर आली. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. टाळी पडली नाही, कारण काही झालंय हेच कुणाला कळलं नाही. बक्षिसांच्या यादीत याच्यासाठी रकाना नसतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ते काका काही वाईट नाहीत, माझ्या लग्नात त्यांनी पंगती वाढल्यात. पण त्यांनी तिला एकदा तरी विचारायला हवं होतं, "काय काम केलंस?" तिने सांगितलं असतं. हल्ली ती सांगते. माझ्या सासूबाई तीच पानशेतच्या पुराची गोष्ट रोज सांगतात, आम्ही सगळे मोबाइलमध्ये असतो, ही मात्र त्यांच्याकडे बघत पूर्ण ऐकते आणि मध्ये प्रश्न विचारते. त्यामुळे आजींना नवीन नवीन आठवायला लागलंय. हे तिला मी नाही शिकवलं.

आणि कॉलेज! नंबर आला असता तर गेटवर फ्लेक्स लावला असता. तालमीला मात्र सात वाजता हॉलला कुलूप. पोरांनी पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये तालमी केल्यात, पावसात, मोबाइलच्या उजेडात. वॉचमनकाका चांगले म्हणून निभावलं. हे मला काकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलंय. ते निदान बाहेरचे.

तर काम असं आहे. दिवाळीनंतर पोरांना हीच एकांकिका पुन्हा करायची आहे, स्पर्धा वगैरे काही नाही, भाचीच्या गावी प्रयोग लावायचाय. तालमीला जागा नाही. कर्वेनगर, वारजे, कोथरूड या भागात कुणाची मोठी खोली, सोसायटीचा हॉल, झाकलेली गच्ची संध्याकाळी सात ते दहा मिळत असेल तर मला मेसेज करा. पोरं झाडून पुसून परत देतील. भाड्याचं आपण आपल्यात बघू.