७.८ किलो

केबिन बॅगेचा वजनकाटा गेटवर! चेक-इन काउंटरवर नाही, बॅग-ड्रॉपला नाही. इमिग्रेशन झालं, सिक्युरिटी झाली, पट्टा काढून परत घातला, लोक पासपोर्ट नि बोर्डिंग पास हातात धरून रांगेत उभे राहिले, की मग कोपऱ्यातून तो चाकांवरचा काटा ढकलत आणायचा. कालचंच आहे हे. बँकॉक–मुंबई, रात्रीची फ्लाइट, केबिन बॅग ७.८ किलो. "सेव्हन किलो ओन्ली, सर." आठशे ग्रॅम! वाळवलेल्या आंब्याची दोन पाकिटं आणि एक चार्जर!

तासाभरापूर्वी हीच बॅग विमान कंपनीच्याच काउंटरसमोर खांद्याला लटकत होती. तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. का केलं नाही हे कळायला फार अक्कल लागत नाही. घरबसल्या ऑनलाइन जादा वजन विकत घेतलं तर स्वस्त, काउंटरवर महाग, गेटवर सगळ्यात महाग. काउंटरवर माणसाला हातपाय हलवता येतात. सामान इकडचं तिकडे करता येतं, बरोबरच्याच्या चेक-इन बॅगेत कोंबता येतं. गेटवर काय करणार? मागे इमिग्रेशनचा शिक्का, पुढे विमान. गुपचूप कार्ड काढायचं.

कार्ड काढलं की मशीन लाडात येऊन विचारतं, रुपयांत घेऊ का? नाही! कधीच नाही! थायलंडचं चलन बाट, तर बाट म्हणजे बाट. रुपयांना हो म्हटलं की दर मशीनवाल्याच्या मर्जीचा, आणि वर आपली बँक परदेशी व्यवहाराचा भुर्दंड लावायचा तो लावतेच. बरेचदा समोरचा माणूस आपल्याला न विचारता रुपयांचं बटण दाबून मोकळा होतो, म्हणून मशीन स्वतःच्या हातात मागून घ्यायचं आणि पावती निघण्याआधी आकड्यापुढचं चलन वाचायचं.

म्हणे सेफ्टीसाठी. कसली सेफ्टी? लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशोबात, माणसांचं वजन सरासरीने धरतात. पन्नास किलोच्या बाई आणि एकशेदहा किलोचे बुवा, दोघांना काटा नाही. ड्यूटी-फ्रीतून लिटरच्या दोन बाटल्या घेतलेला गृहस्थ काचेसकट तीनेक किलो सीलबंद पिशवीत नाचवत आत गेला. काही कंपन्या ती पिशवी सातात धरतात, काही धरत नाहीत, आणि धरायची की नाही हे पुष्कळदा गेटवरच्या माणसाच्या मूडवर ठरतं. डोक्यावरच्या कप्प्याला वजनाची मर्यादा असते, हे ठाऊक आहे. मग जाकीट अंगात घातलं, चार्जर एका खिशात, आंबे दुसऱ्या खिशात, की काटा ७.० कसा काय मान्य करतो? आत गेल्यावर तेच जाकीट, खिशातल्या आंब्यांसकट, त्याच कप्प्यात जातं. काट्यासमोर एकावर एक तीन शर्ट चढवणारी माणसं पाहिली की या नियमाचं शास्त्र डोळ्यांपुढे उभं राहतं.

मुळात सात किलोत येतं काय? कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. लॅपटॉप दीड किलो, त्याचा चार्जर आणि वायरींचा गुंता अर्धा किलो. उरले दोन. एक जीन्स सहा-सातशे ग्रॅम. म्हणजे सात किलोवाल्यांनी ट्रॉलीच्या नादाला लागूच नये. किलोच्या आत बसणारी कापडी डफल घ्यावी. हुकाचा काटा काही शे रुपयांत मिळतो. घरी तो ६.९ दाखवतो म्हणून खूश व्हायचं नाही, ६.५ ला हात आखडायचा. दोन काट्यांचं एकमत होत नाही, आणि येताना कोरड्या आंब्यापुढे कोणाचाच निग्रह टिकत नाही. मापं घेतानाही चाकं आणि हँडल धरून घ्यायची. ५५ × ३५ × २५ सेंमीच्या आसपास मर्यादा असते, दुकानदार चाकं वगळून सांगतो. आणि ग्रीन करी पेस्टचा मोठा डबा केबिन बॅगेत भरायचा नाही. पेस्ट ही लिक्विडमध्येच मोडते, १०० मिलीच्या वर गेली की सिक्युरिटीच्या टोपलीत.

"मग टाका बापडी होल्डमध्ये, विमानाच्या पोटात," असं म्हणायची वेळ आली तर खरा तमाशा पुढेच आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या होल्डमध्ये चालत नाहीत. म्हणजे पॉवर बँक बाहेर काढा. ती अर्थात तळाशी, मोज्यांच्या खाली, आणि मागे पावणेदोनशे माणसं. तिच्याबरोबर औषधं, घराच्या किल्ल्या, लॅपटॉप. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर, १००च्या मर्यादेच्या आत, चालतं. पण अंगावरचा छापील आकडा घासून गेला असेल तर कोणाशी वाद घालणार? जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान जागेवर उभं असताना पेटलं, पॉवर बँकेवर संशय गेला, आणि आशियातल्या कंपन्या ताळ्यावर आल्या. थाई एअरवेजने मार्चपासून आणि सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी घातली. योग्यच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की इथे सीटला यूएसबी नाही, पॉवर बँक वापरायची नाही, आणि बोर्डिंग पास, हॉटेलचं बुकिंग, देशात शिरताना लागणारं अरायव्हल कार्ड सगळं फोनमध्येच ठेवा म्हणतात.

बरं, ठीक आहे. तिकीट काढताना ‘सर्वांत स्वस्त आधी’ ही चाळणी आपणच लावतो. तीन हजार वाचले म्हणून ऑफिसभर मिरवायचं आणि आठशे ग्रॅमसाठी गेटवर मानवी हक्कांचं भाषण ठोकायचं. तेही अशा मुलीसमोर, जिला ‘ही लूट आहे’ यातलं अक्षर कळत नाही आणि जी शेवटपर्यंत हात जोडून हसत राहते. त्या हसण्याने डोकं आणखी फिरतं, हा भाग वेगळा. पुढच्या वेळी चाळणी तीच लागणार, हेही लिहून ठेवा.

पण चिडलोच आहे तर बाकीचंही होऊन जाऊ द्या. झोन बोर्डिंग! झोन एक, झोन दोन, झोन तीन, शिस्तीत पुकारा. आणि गेटच्या पलीकडे काय? बस! सगळे झोन एकाच बसमध्ये कालवायचे, आणि जो शेवटी चढून दाराशी उभा राहिला तो पहिला विमानात. मागच्या दाराला शिडी लावलेली असते, सोळाव्या ओळीपासून पुढच्या आकड्यांनी तिकडून चढावं म्हणून घसा फोडून सांगतात, तरी २७ नंबरचा माणूस पुढूनच शिरणार, अख्खं विमान उलटं चालत जाणार, आणि जाता जाता स्वतःची बॅग पाचव्या ओळीवरच्या कप्प्यात कोंबून जाणार. अशांचं वजन कोणी करत नाही.

सीटचं अंतर २८-२९ इंच. यात कोणी गुडघ्यासाठी २९ इंच समजू नये. या सीटवरल्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरल्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर, पाठीची जाडी धरून. म्हणून पाठ पातळ केली, मासिकाचा खिसा वर नेला, गुडघ्याला दोन बोटं जागा दिली आणि बुडाखालचा फोम खाल्ला. दोन तास काही वाटत नाही. तिसऱ्या तासाला माकडहाड बोलू लागतं, आणि मुंबई–बँकॉक चार तासांचं आहे. एसटीची सीट यापेक्षा मऊ असते हो! त्यातल्या त्यात एअरबसचं ए३२० विमान बरं, त्याची केबिन बोइंगच्या ७३७ पेक्षा सहा-सात इंचांनी रुंद, म्हणून सीट सतराऐवजी अठरा इंच मिळू शकते. इमर्जन्सी दरवाजाच्या लगेच पुढची रांग बहुधा मागे कलत नाही. आणि ७३७ वर डाव्या बाजूला पंखाच्या थोडं पुढे, साधारण नऊ ते अकरा या ओळींत, एखाद्या ‘विंडो’ला खिडकीच नसते. पोटातली एसीची हवा छताकडे नेणारा पाइप तिथून वर जातो. विंडोचे जादा पैसे मात्र बिनबोभाट कापले जातात. सीटचे पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार पाहा आणि सीट मॅप तपासा. तरी ऐन वेळी विमान बदललं तर भिंत बघत बसा.

झोप? विसरा. जाताना मुंबईहून रात्री दोनला उड्डाण. पट्ट्याचा दिवा विझला की खाण्याचा गाडा, मग नूडल्सच्या कपात गरम पाणी, मग दिवे लावून परफ्यूमची विक्री! पहाटे तीनला परफ्यूम कोण घेतं? कोणाच्या अंगावर मारून बघणार? काही कंपन्या बाहेरचं खाणं खाऊ देत नाहीत, त्यामुळे आपले धपाटे पदराआड लपवून खायचे, आणि लसणाच्या चटणीने चार ओळी पुढपर्यंत चुगली करायची. उतरायच्या पाऊण तास आधी पुन्हा दिवे. हाती लागली दोन तासांची झोप. घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे सकाळचे साडेसात, आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला.

त्यात १ मे २०२५ पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर, फुकट. डॉलर मागणारी साइट दिसली तर ती बनावट, सरळ बंद करा. हे भरून क्यूआर फोनमध्ये साठवायला घरच्या सोफ्यावर दहा मिनिटं पुरतात. पण नाही! काउंटरवर पोहोचल्यावरच सात जणांच्या ग्रुपला हॉटेलचा पत्ता शोधायचा असतो.

आणि मुंबई. चाकं टेकली, विमान अजून धावतंय, की खटाखट पट्टे सुटले. उठून जाणार कुठे? दार बंद, शिडी यायचीय, बस यायचीय. दहा मिनिटं मान वाकडी करून कप्प्याखाली उभं राहायचं आणि काखेतली बॅग बसलेल्याच्या कानशिलात मारायची. सामानाच्या पट्ट्याजवळ पुन्हा तेच: माणशी एक ट्रॉली, थेट पट्ट्याला भिडवून. अहो, सगळे तीन पावलं मागे उभे राहिलात तर सगळ्यांनाच आपापली बॅग दिसेल. पुढची ट्रॉली पोटरीत घुसली तर मी तरी सॉरी म्हणणार नाही.