तुमच्या हरभऱ्याबद्दल आणि त्यांच्या वाड्याबद्दल

नमस्कार. मेंढपाळांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की घाटे भरत आलेला तुमचा हरभरा एका रात्रीत मेंढरांनी संपवला, भरपाई मागायला गेलात तेव्हा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा कुटुंबकबिल्यासह फिरता तळ, पुढच्या गावाला निघून गेला होता. ‘धनगरांचं कौतुक करताना शेतकऱ्याचं पोट तुम्हाला दिसत नाही, त्यांनी मेंढ्या बंदिस्त पाळाव्यात,’ असं तुमचं म्हणणं. सविस्तर उत्तर द्यायला हवं, म्हणून हे लिहितो.

तुमचं नुकसान खरं आहे आणि ते तुम्हाला भरून मिळायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. बियाणं आणि फवारणी उधारीवर असते. त्यात दिवसभर राबून रात्री पुन्हा राखणीला जायचं. ज्या गावात महिनाभर अर्धी माणसं बॅटरी घेऊन बांधावर जागतात, तिथे घराघरांत चिडचिड वाढते. आजारपणंही वाढतात. यावर फारसं कोणी लिहीत नाही, हा तुमचा राग रास्त आहे.

पण तीच रात्र वाड्यावर कशी जाते, तेही बघा. गावाशी बिनसलं की पहिला फटका बायकांना बसतो, कारण हापशावर पाणी भरू देत नाहीत. बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, लहानग्या कोकरांना सांभाळायचं, चूल मांडायची, हे सगळं त्यांच्याच अंगावर असतं. ठरलेला मुक्काम मोडून रातोरात हलावं लागलं, की व्यायला आलेल्या मेंढ्यांचे आणि बाळंतिणीचे सारखेच हाल. पोरांची शाळा तर आधीच सुटलेली असते.

आता मूळ मुद्दा. वाडा तुमच्या शिवारात वाट चुकून येत नाही, कोणीतरी बोलावलेलं असतं. लेंडीखतासाठी रानात मेंढ्या बसवायच्या आणि बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दिवाळीनंतर कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या खाचरांत बसतात आणि पाऊस लागायच्या आत वर येतात, कारण तिथला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. हे जमायचं, कारण सगळ्यांची रानं एकाच वेळी मोकळी असायची. आता कालवा आला, विहिरी-बोअर झाल्या. एकाच्या रानात सोयाबीनचा नुसता पाला, शेजारी कांदा, पलीकडे ऊस आणि मध्ये ठिबकच्या नळ्या. खत एकाला मिळतं, पीक शेजाऱ्याचं जातं. मग जे भांडण पेटतं, त्यात मेंढपाळ चार दिवसांनी निघून जातो, पण दोन भाऊबंदांतला अबोला गावातच राहतो.

आणि कायदा काय म्हणतो? 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा मेंढरांनाही लागू आहे, म्हणजे पीक खाल्ल्यावर कोंडवाडा आणि दंड. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 23 प्रमाणे गायरानावर मोफत चराईचा हक्क त्या गावच्याच गुरांना. म्हणजे बाहेरून आलेल्या वाड्याला गावात रस्त्याखेरीज हक्काची जागा उरतच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे, पण वनरक्षकाशी गाठ पडते तेव्हा तो कागद कितीजणांच्या हातात असतो?

बंदिस्त पालनाचं म्हणाल, तर राज्यात 27 लाखांच्या आसपास मेंढ्या आहेत. त्यांना जागेवर चारा-पाणी द्यायचं तर ते तुमच्याच तालुक्याच्या पाण्यातून जाणार. ज्याला स्वतःची बागायत आहे त्याला हे थोडंफार परवडेल. वाडा घेऊन हिंडणाऱ्यांतल्या बहुतेकांकडे पावसाळ्यापुरती कोरडवाहू जमीन आहे, काहींकडे तीही नाही.

मला पटतो तो मार्ग साधा आहे. मेंढ्या बसवायला बोलावणाऱ्याने शेजाऱ्यांना आधी सांगायचं. मुक्काम कुठे, किती रात्री, पाणी कुठलं, हे वाड्याच्या कारभाऱ्याशी ग्रामपंचायतीत ठरवून लिहून ठेवायचं. नुकसान झालंच, तर वाडा हलण्याआधी, त्याच दिवशी दोन्हीकडच्या माणसांनी पंचनामा करायचा आणि बोलावणाऱ्यानेही भरपाईत वाटा उचलायचा. तुमच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही, म्हणून तुमचा सगळा राग निघून गेलेल्या माणसावर राहिला. त्या वाड्याला कोणी बोलावलं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या बोलावणाऱ्याकडे भरपाई मागितलीत का?

अजून एक. गायरानांवरची अतिक्रमणं हटवा असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सांगितलं. तुमच्या गावचं गायरान आज कुणाच्या ताब्यात आहे, ते तलाठ्याकडच्या गाव नमुना 1-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, बघता येईल. बघून इथेच कळवा. त्या जमिनीवर आज काय उभं आहे ते समजलं, की पुढचं बोलू.