तारांचं असंच असतं? अजिबात नसतं!

“तारांच्या चाकाचं असंच असतं, साहेब.”

परवापासून हे वाक्य डोक्यात घण घालतंय. १४ हजार मोजून घेतलेली चाकं, दोन महिन्यांत चौथं पंक्चर, आणि दुकानदार मोबाइलवरून मान वर न करता म्हणतो, तारांचं असंच असतं. अरे, काय असंच असतं? माझ्या वडिलांनी याच बुलेटवर २२ वर्षं काढली. ही १९९४ची गाडी, एका चाकात ४० तारा, पुणे-कोल्हापूर किती वेळा झालं असेल त्याची मोजदाद नाही. त्यांना कधी दोन महिन्यांत चार पंक्चर झालेली मी पाहिली नाहीत. मूळ रिमा गंजून पापुद्रे सुटायला लागल्या म्हणून नाइलाजाने नवी चाकं बांधून घ्यायला गेलो, हौस म्हणून नव्हे.

रविवारी वाईला निघालो होतो. मागे बायको. खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर मागचं चाक लडबडलं. ट्यूबचं पंक्चर म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. हवा एका दमात खलास. बाजूने कंटेनर चाललेला, गाडी शेपटीसारखी हलतेय, बायकोने पाठीत नखं रुतवलेली. कशीबशी कडेला घेतली. पुढचा तास उन्हात. शेवटी एका टेम्पोवाल्या दादाने गाडी चढवून सुरूर फाट्यापर्यंत आणली, वर पैसे घेईना. त्या माणसाचं भलं होवो.

आता पंक्चरवाले! बुलेटचं मागचं चाक म्हटलं की निम्म्यांचा चेहराच पडतो. “ते आम्ही खोलत नाय, तुम्ही काढून द्या.” ब्रेकचा रॉड सोडा, ॲक्सल काढा, गाडी कलती करून धरा, मग चाक खालून निघणार. हे सगळं गिऱ्हाइकाने करायचं आणि यांनी फक्त ठिगळ मारायचं. पहिल्या तीन वेळा हेच झालं. तिघांनीही ट्यूब ओढली, ठिगळ मारलं, पैसे घेतले. भोक कुठे पडलंय ते एकानेही पाहिलं नाही.

सुरूरच्या पोराने पाहिलं. वीस-बावीसचा असेल. पाण्याच्या टबात ट्यूब बुडवली, बुडबुडे आले आणि तो थांबला. म्हणाला, “भाऊ, खिळा टायरमधनं आला तर भोक बाहेरच्या बाजूला पडतं. हे आतल्या बाजूला आहे, रिमकडनं.” आधीची तिन्ही ठिगळंसुद्धा आतल्याच बाजूला! मग त्याने रिमवरची रबरी पट्टी सरकवली, आत बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाला रक्त. निपलच्या, म्हणजे तार रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटाच्या, डोक्यातून तारेचं टोक वर आलं होतं, नखाएवढं, धारदार. एक नव्हे. आम्ही दोघांनी मिळून मोजली, ११ टोकं. पट्टी इतकी पातळ की त्या टोकांनी ती चाळणीसारखी भोसकलेली. म्हणजे मी दोन महिने ११ सुयांवर ट्यूब बसवून घाटातून फिरत होतो, मागे माणूस बसवून!

तार मापापेक्षा लांब घातली की पिळ देताना ती निपलच्या पार जाते. मग एकतर योग्य लांबीची तार घालायची, नाहीतर टोक कानशीने घासून निपलच्या बरोबरीत आणायचं. पाच मिनिटांचं काम. कानस त्या दुकानात नव्हती? होती. समोर टांगलेली मी पाहिली आहे.

चाक घेताना मी काय काय विचारलं होतं! तारा स्टेनलेस आहेत ना? “एक नंबर.” निपल पितळेचे ना? “साहेब, एक नंबर माल.” घरी येऊन पावसाळ्याचे पंधरा दिवस जातात न जातात तोच निपलांना तांबूस पाणी सुटलं. पितळेला तांबेरा येत नाही, हे शाळेतल्या पोराला कळतं. लोखंडी निपलवर मुलामा मारून गळ्यात मारले. आता ते तारेवर जाम झालेत, पान्याने फिरवायला गेलं की गोल होतात. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, काढायचा कसा?

आणि आऊट काढतंय कोण हल्ली? नाना पेठेत तारांच्या चाकांची चकाकी विकणारे पावलापावलावर आहेत. ७२ तारांचं हवं? घ्या. १२० तारांचं? घ्या. काळी रिम, सोनेरी निपल, काय हवं ते. पण नवं चाक पाचशे किलोमीटर पळालं की तारा बसतात, ताण उतरतो, पुन्हा पाना फिरवून घ्यायला या, असं एकही जण सांगत नाही. चाक तारांच्या ताणावर उभं असतं. एक सैल झाली की तिचा भार शेजारणीवर, मग ती तुटते, मग पुढची. हे विकणाऱ्याने सांगायचं नाही तर कोणी?

ते धुलाईवाले वेगळेच. रिम चमकावी म्हणून ॲसिडचं पाणी मारतात. कितीदा ओरडून सांगितलं, तारांवर मारू नका! “काही होत नाही दादा.” चमक आठ दिवस टिकते, मग निपलच्या मुळाशी गंज. आणि मित्रमंडळी? “मॅकव्हील टाक आणि सुट ना.” नाही टाकायचं मला ते बिनतारांचं ओतीव चाक! खड्ड्यात आपटून मॅकव्हीलला तडा गेला की चाकच बदलायचं. तार तुटली तर तेवढी तार बदलते, रिम वाकली तर सरळ होते. आपल्या रस्त्यांना तारांचंच चाक लागतं, फक्त ते नीट बांधलेलं हवं. ट्यूबची कटकट नको असेल तर त्यालाही उपाय आहे. १९८७ साली बीएमडब्ल्यूने आर १०० जीएसला तारा रिमच्या कडेला बसवून ट्यूबलेस चाक दिलं होतं. हवेच्या जागेत निपलचं भोकच नाही! आपल्याकडे आजही साधी रबरी पट्टी धड मिळत नाही.

सोमवारी चाक घेऊन पेठेतल्या चाचांकडे गेलो. सत्तरीचे आहेत, सायकलीच्या चाकांपासून हयात यातच गेली. त्यांनी चाक स्टँडवर लावलं, एकेका तारेवर पाना टिचकावत गेले. टण्, टण्, टण्, आणि मग एकदम थद्द. परत टण्, टण्, थद्द. सात तारा मुक्या निघाल्या. “बेटा, इसने बांधा नहीं है, सिर्फ भरा है,” एवढंच म्हणाले. निपल सगळे कापून काढावे लागणार. नवे पितळेचे निपल, मापाच्या तारा, जाड पट्टी, पिळावर थोडं ग्रीस. चार दिवस लागतील म्हणाले. लागू देत.

तोवर मी ती ट्यूब धुऊन ठेवली आहे. चारही ठिगळं आतल्या बाजूची, एका ओळीत दिसतात. सोबत बिल आहे, त्यावर त्या दुकानदाराच्याच अक्षरात ‘पितळ निपल ८०’ लिहिलेलं आहे. दुकान अकराला उघडतं. उद्या काउंटरवर दोन्ही ठेवणार आहे आणि बाकीची गिऱ्हाइकं उभी असतानाच विचारणार आहे, यातलं काय असंच असतं ते मला बोट लावून दाखव.