भूकंपाचा इशारा आला, पण झोपलेला माणूस उठला का?

तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त जाऊन भूकंपाच्या सूचना चालू आहेत का ते आजच बघा. गूगलची ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. माझ्या फोनवर ती चालू आहे, घरातल्या सगळ्यांच्या फोनवरही मी ती चालू करून दिली आहे. तरीही काही गोष्टी बोलायलाच हव्यात.

फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते ती ज्या सेन्सरमुळे, तोच सेन्सर टेबलावर स्थिर पडलेल्या फोनला जमिनीचा हादरा कळवतो. भूकंपाची पहिली पी-लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते आणि फारशी पडझड करत नाही. घरं पाडणारी एस-लाट मागून सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. एकाच भागातले पुष्कळ फोन एकदम हलले की सर्व्हर ओळखतो, केंद्र आणि तीव्रता ठरवतो आणि पुढच्या गावांना इशारा धाडतो. म्हणजे केंद्राजवळच्यांना वेळ मिळतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला किल्लारी, सास्तूर हादरलं तेव्हा प्रत्येकाच्या उशाशी असा फोन असता, तरी तिथे उपयोग झाला नसता. सोलापूरकरांना मात्र काही सेकंद मिळाले असते.

पण मला खरी चिंता तुर्कस्तानची वाटते. ६ फेब्रुवारी २०२३, पहाटे ४.१७, तीव्रता ७.८. गूगलची यंत्रणा तिथे सुरू होती. तिचे इशारे दोन प्रकारचे. सौम्य इशारा साध्या नोटिफिकेशनसारखा येतो, सायलेंटवरचा फोन त्याने वाजत नाही. दुसरा 'आत्ता जीव वाचवा' असं सांगणारा, फोन सायलेंट असला तरी कर्कश वाजणारा. त्या पहाटे यंत्रणेने तीव्रता ५ च्याही खाली धरली. सुमारे एक कोटी लोकांना मोठा इशारा जायला हवा होता, गेला फक्त ४६९ जणांना. जवळपास पाच लाखांना सौम्य इशारा गेला, आणि पहाटे सव्वाचारला माणसं झोपेत होती.

चूक होऊ शकते, नवीन तंत्र आहे. पण आधी कंपनी यंत्रणा नीट चालल्याचं सांगत होती आणि हे आकडे संशोधकांच्या निबंधातून बाहेर यायला २०२५ उजाडलं, याचा मला राग येतो. कोट्यवधी लोकांचा जीव ज्यावर विसंबून आहे, त्याचा हिशेब दोन वर्षांनी नको, दोन आठवड्यांत हवा. भारतात ही सोय एनडीएमए (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या सल्ल्याने आली आहे, म्हणजे मागायला हक्काची जागा आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला ४.५ चे धक्के बसले. तेव्हा किती फोनवर इशारा गेला, किती सेकंद आधी गेला, हे तालुकावार जाहीर करा.

आणखी एक. इशाऱ्यासोबत येणारा सल्ला असतो, खाली बसा, टेबलाखाली शिरा, धरून राहा. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात टेबल कुठलं? दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचा भार. किल्लारीत माणसं याच भिंतींखाली आणि मातीखाली गेली. अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाने त्या दहा-पंधरा सेकंदांत बाहेर पळायचं की कोपऱ्यात बसायचं, हे भूकंप-अभियंत्यांनी ठरवून, साध्या मराठीत, ग्रामसभेत एकदा सराव करून सांगावं.